पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जीवशास्त्रात खरं संशोधन करता येतं, की लॅबमध्ये नुसती हमाली होते?

प्रश्नातला ‘हमाली’ हा शब्द वाचला आणि उत्तर लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की सूत्रकृमींवर काम करणाऱ्या एका लॅबमध्ये आठवड्याला दहा तास जायची संधी आहे, पण तिथला सीनियर म्हणतो वर्षभर कृमी वाढवायचं माध्यम बनवावं लागेल, त्याच्या प्लेट ओताव्या लागतील, स्टॉक, म्हणजे कृमींचे वाण, सांभाळावा लागेल. जावं का, मार्कांचं काय होईल, पेपरवर नाव येईल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

जा. शेवटच्या वर्षाची वाट बघू नका. बाकीच्या दोन प्रश्नांकडे येईन, पण आधी या हमालीबद्दल सांगायचंय, कारण मी ती केली आहे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना फळमाश्यांच्या लॅबमध्ये जायला लागले. फळमाश्यांचा स्टॉक तुमच्या सूत्रकृमींसारखा गोठवून ठेवून विसरून जाता येत नाही. तो जिवंतच ठेवावा लागतो. जुन्या व्हायलमधल्या, म्हणजे छोट्या बाटलीतल्या, माश्या ताज्या खाद्याच्या व्हायलमध्ये उलटवायच्या, लेबल लावायचं, जुनी व्हायल धुवायला टाकायची, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत तेच. ते माझं काम. त्याशिवाय सीनियर सांगेल त्या क्रॉसच्या, म्हणजे ठरवून लावलेल्या संकराच्या, माश्या मोजायच्या. माश्या ठेवायच्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे तापमान स्थिर ठेवणाऱ्या कपाटात, आतल्या बाजूला काचेचा एक साधा थर्मामीटर लटकत होता. सकाळी आल्यावर आणि संध्याकाळी निघताना मी त्याचा आकडा वहीत लिहायचे. कुणी सांगितलं नव्हतं. तारीख लिहिली की खाली तापमान लिहायचं, एवढीच सवय.

सीनियर पीएचडीच्या पाचव्या वर्षाला होता. त्याच्याकडे दुसऱ्या गुणसूत्रावरचं एक उत्परिवर्तन होतं. दोन्ही प्रती बिघडल्या की माशी प्रौढ होण्याआधीच मरायची. असं उत्परिवर्तन टिकवायला ते बॅलन्सर गुणसूत्रासमोर ठेवतात, म्हणजे जोडीतलं दुसरं गुणसूत्र असं निवडतात की ते त्याच्याशी अदलाबदल करत नाही आणि माशीकडे बघून ओळखू येतं, हे तुम्हाला माहीत असेलच. आमच्याकडचा बॅलन्सर कर्लीवाला होता, म्हणजे तो ज्या माशीत असेल तिचे पंख वरच्या दिशेला वळलेले. बॅलन्सरच्या दोन प्रती आल्या तरी माशी मरते. म्हणजे त्या व्हायलमधून जिवंत बाहेर येणाऱ्या प्रत्येक माशीचे पंख वळलेलेच असायला हवेत. सरळ पंखांची एकही नको.

एका सोमवारी मला तीन दिसल्या. पुढच्या वेळी मोजताना अकरा.

पहिला आरोप माझ्यावर आला. ‘तू उलटवताना दुसऱ्या स्टॉकच्या माश्या आत शिरल्या असणार.’ मी खूप रडले होते त्या दिवशी. व्हायलचा बोळा किती घट्ट बसवते हे मला माहीत होतं. मग सीनियरने तोच क्रॉस स्वतःच्या हातांनी लावला, आणि त्यालाही सरळ पंखांच्या माश्या मिळाल्या. त्या क्षणापासून माझी चूक हा त्याचा शोध झाला. उत्परिवर्तन पूर्ण मारक नाही, काही माश्या निसटतात, आणि त्या का निसटतात हे शोधायचं, असं तो लॅब मीटिंगमध्ये बोलला. एका परिषदेसाठी पोस्टरची तयारी सुरू झाली.

मला एक गोष्ट खटकत होती. 25 अंशाला फळमाशीची पिढी साधारण दहा दिवसांत पूर्ण होते. आमच्या माश्या अठरा-एकोणीस दिवसांनी बाहेर येत होत्या. सीनियर म्हणायचा खाद्य बिघडलंय. मी वही मागे चाळली. इन्क्युबेटरच्या दारावरचा आकडा सगळा वेळ 25 दाखवत होता, पण आतल्या काचेच्या थर्मामीटरची माझी नोंद कित्येक दिवस 18 आणि 19 यांच्यात होती. मी रोज लिहीत होते, आणि दारावर 25 दिसतंय म्हणून थर्मामीटरच खराब असेल असं समजून गप्प होते. इथे चूक माझी होती. विचित्र आकडा दिसला त्याच दिवशी मोठ्याने बोलायला हवं होतं.

लॅबच्या कपाटात फळमाशीच्या उत्परिवर्तनांची जाडजूड सूची होती. त्यात कर्लीच्या नोंदीत स्पष्ट लिहिलं होतं की हे लक्षण तापमानावर अवलंबून असतं, आणि 19 अंशाला वाढलेल्या माश्यांचे पंख अनेकदा सामान्य माशीसारखे दिसतात. म्हणजे ज्या माश्यांना आम्ही मरणातून निसटलेल्या समजत होतो, त्या साध्या बॅलन्सरवाल्या माश्याच असू शकत होत्या, थंडीत वाढल्यामुळे सरळ पंखांच्या.

मी वही आणि सूची दोन्ही घेऊन सीनियरकडे गेले. त्याने वही उघडलीसुद्धा नाही. म्हणाला, ‘तू माश्या मोज, अर्थ आम्ही लावू.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. तुमच्या सीनियरच्या बोलण्यात मला तेच ऐकू आलं, म्हणून इतकं लांबण लावते आहे.

तपासणी अगदी सोपी होती. सरळ पंखांचे वीस नर निवडले. प्रत्येक नर वेगळ्या व्हायलमध्ये, सोबत सामान्य स्टॉकच्या तीन व्हर्जिन, म्हणजे अजून नराशी न जुळलेल्या, माद्या. माद्या गोळा करायला मी पहाटे यायचे, कारण 25 अंशाला बाहेर पडल्यापासून आठ तासांच्या आत वेगळ्या केल्या नाहीत तर त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. सगळ्या व्हायल शेजारच्या खोलीतल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या, आणि या वेळी आधी थर्मामीटर पाहिला. नर खरोखर निसटलेला असेल तर त्याच्यात बॅलन्सरच नाही, मग पिल्लांमध्ये एकही वळलेला पंख नको. तो बॅलन्सरवालाच असेल तर सुमारे निम्मी पिल्लं वळलेल्या पंखांची हवीत.

अकराव्या दिवशी वीसच्या वीस व्हायलमध्ये वळलेले पंख होते.

ती व्हायलची ट्रे मी मॅडमच्या, म्हणजे गाइडच्या, टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी भिंगाखाली पाच-सहा व्हायल पाहिल्या, माझी वही पहिल्या पानापासून वाचली आणि पोस्टर थांबवलं. पुढच्या लॅब मीटिंगमध्ये हे सगळं सीनियरने मांडलं. ‘आम्ही नरांची तपासणी केली,’ असं म्हणाला. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मॅडमनी पुढे मला शिफारसपत्र दिलं, त्यात नियमितपणा, नीटनेटकेपणा आणि स्टॉक सांभाळण्याचं कौशल्य यांचं मनापासून कौतुक होतं. त्या वीस व्हायलबद्दल एक ओळ नव्हती.

आता कुणी म्हणेल, पदवीच्या पोरांकडून एवढीच अपेक्षा असते. माझं मत याच्या अगदी उलट आहे, आणि इतिहास माझ्या बाजूने आहे. फळमाश्यांच्याच क्षेत्रातलं बघा. कोलंबिया विद्यापीठात टी. एच. मॉर्गनच्या लॅबमध्ये कॅल्व्हिन ब्रिजेस नावाचा विद्यार्थी बाटल्या धुवायला होता. धुता धुता जाड काचेतून त्याला वेगळ्या, भडक लाल डोळ्यांची माशी दिसली. मॉर्गनने त्याला बाटल्या धुण्यावरून काढून माश्यांच्या कामावर घेतलं. त्याच लॅबमधला आल्फ्रेड स्टर्टेव्हंट 1911 मध्ये पदवीचाच विद्यार्थी होता. मॉर्गनशी बोलताना त्याला सुचलं की जनुकं किती वेळा एकमेकांपासून सुटी होतात यावरून त्यांच्यातलं अंतर काढता येईल. लॅबचे आकडे घरी नेले, रात्रीचा बहुतेक वेळ त्यात घालवला, कॉलेजचा गृहपाठ बाजूला ठेवला, आणि सकाळी त्याच्याकडे गुणसूत्राचा जगातला पहिला जनुकीय नकाशा होता. 1913 मध्ये तो पेपर छापून आला, त्यावर एकट्या स्टर्टेव्हंटचं नाव. आकडे लॅबचे, कल्पना बोलण्यातून निघालेली, तरी मॉर्गनने स्वतःचं नाव घातलं नाही.

उलटंही घडलंय. 1827 मध्ये एडिंबरात वैद्यकीचा विद्यार्थी असलेल्या अठरा वर्षांच्या चार्ल्स डार्विनला फ्लस्ट्रा या सागरी प्राण्याची ‘अंडी’ स्वतःहून हलताना दिसली. त्याने ते मार्गदर्शक रॉबर्ट ग्रँटला सांगितलं. विद्यार्थ्यांच्या सभेत डार्विन आपलं निरीक्षण मांडणार, त्याच्या काही दिवस आधीच ग्रँटने ते दुसऱ्या सभेत सांगून टाकलं.

आणि हे फक्त जुन्या काळातलं असं समजू नका. 2008 पासून एका मोठ्या उपक्रमात पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं मातीतून जिवाणूभक्षक विषाणू, म्हणजे फाज, वेगळे करतात. ते फाज ज्या मोठ्या संग्रहात जमा होतात त्यात 2010 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका विद्यार्थिनीने कुजलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूवरून काढलेला फाज जमा झाला. त्याचं नाव ‘मडी’. पुढे लंडनमध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलीला फुप्फुस प्रत्यारोपणानंतर मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस या जिवाणूचा संसर्ग झाला, प्रतिजैविकं चालेनात. तिला तीन फाजांचं मिश्रण दिलं, त्यात मडी होता. मुलीत सुधारणा झाली, 2019 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या वांग्याखालची घाण खरवडणं यालासुद्धा तुमचा सीनियर हमालीच म्हणाला असता.

आता तुमचे प्रश्न.

पेपरवर नाव: वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत, आणि जीवशास्त्रातही बरेच जण तेच धरून चालतात. कामाच्या आखणीत, आकडे गोळा करण्यात किंवा त्यांचा अर्थ लावण्यात भरीव वाटा. लेखन किंवा त्यात गांभीर्याने दुरुस्ती. अंतिम मसुद्याला संमती. आणि कामाची जबाबदारी घेणं. चारही पूर्ण व्हावे लागतात. नुसतं माध्यम बनवलं तर आभारांत नाव येतं, आणि मला ते योग्य वाटतं. पण याचा अर्थ असा की अर्थ लावण्याच्या चर्चेत तुम्हाला बसू द्यायला हवं आणि मसुदा तुम्हाला दाखवायला हवा. तिथून बाहेर ठेवायचं आणि मग निकष पूर्ण झाले नाहीत म्हणायचं, हे मला मान्य नाही. लॅब मीटिंगला बसायला मिळेल का, हे आत शिरण्याआधी विचारा.

मार्क: त्या सत्रात माझे दोन विषयांत कमी आले. पुढच्या सत्रात भरून निघाले. दहा तासांचे पंधरा होऊ देऊ नका, परीक्षेच्या आधी तीन आठवडे सुट्टी लागेल हे पहिल्याच दिवशी सांगा.

लॅब निवडताना मुलं गाइडचं नाव आणि पेपरची यादी बघतात. मी म्हणेन प्राण्याचं जीवनचक्र बघा. तुमचे सूत्रकृमी 20 अंशाला साधारण तीन दिवसांत अंड्यापासून प्रौढ होतात. एका सत्रात प्रयोग फसला, परत लावला, परत फसला, तरी वेळ उरतो. अरॅबिडॉप्सिस या लॅबमधल्या छोट्या रोपाला बी ते बी सहा आठवडे लागतात. उंदरांचं पिल्लू प्रजननक्षम व्हायलाच सहा ते आठ आठवडे, त्याआधी तीन आठवडे गर्भकाळ. उंदरांच्या लॅबमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न सुरू करून संपवता येणं अवघड आहे. या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे.

आणि वही. स्वतःची, पानांवर क्रमांक असलेली, शाईने लिहिलेली. तारीख, तापमान, माध्यमाची कितवी बॅच, प्लेट कधी ओतल्या. दारावरचा आकडा लिहू नका, आतला लिहा. सूत्रकृमींमध्येही तापमानाला संवेदनशील उत्परिवर्तनं भरपूर आहेत, 15 अंशाला सामान्य दिसणारा कृमी 25 अंशाला वांझ निघू शकतो.

एक राहिलं. त्या सीनियरवर मी इतकी वर्षं रागावले आहे, पण पाचवं वर्ष, हातात एकही पेपर नाही, आणि समोर पहिल्यांदाच काहीतरी चमकदार दिसलेलं, ही त्याची अवस्था तेव्हा मला कळत नव्हती. सगळे सीनियर असे नसतात. पुढच्या लॅबमध्ये मला जी सीनियर मिळाली तिने माझी वही रोज वाचली. शिवाय शिकता शिकता कमवावं लागत असेल तर आठवड्याचे बिनपगारी दहा तास देणं सगळ्यांना जमत नाही, त्यात कमीपणा काही नाही. जनुकक्रमांचे प्रचंड संग्रह कुणालाही खुले आहेत, त्यांवर रात्री घरी बसून खरा प्रश्न सोडवता येतो.

तुम्हाला जमत असेल तर सोमवारी जा. ज्या कृमींचं माध्यम मी बनवणार आहे, त्यांच्यावर कोणता प्रश्न विचारला जातोय, हे त्या सीनियरला विचारा. त्याने दहा मिनिटं बसून सांगितलं तर वर्षभर प्लेट ओता. ‘ते तुला नंतर कळेल’ म्हणाला तर थेट गाइडशी बोला, आणि तिथेही तेच ऐकायला मिळालं तर दुसरी लॅब शोधा.