मित्रांनी सुचवलेली पुस्तके माझ्याकडून अर्धवट का राहतात? पुण्यातल्या तरुणांना हल्ली काय वाचायला आवडते?

प्रश्न नुसता आवडत्या पुस्तकांचा असता, तर मी हे उत्तर लिहायला बसलो नसतो. तुम्ही मात्र लिहिले आहे की, जळगावकडून पुण्यात शिकायला आल्यापासून मित्रमैत्रिणींनी मनापासून सुचवलेली पाच पुस्तके तुमच्याकडून एकामागून एक अर्धवट राहिली, त्यांतले पहिले भालचंद्र नेमाड्यांचे ‘कोसला’ होते, आणि आपण मुळात वाचकच नाही की काय, अशी शंका आता तुम्हाला येऊ लागली आहे. माझे मत स्पष्ट आहे. दोष तुमचा नाही, सुचवणाऱ्यांचा आहे. मी स्वतः त्या सुचवणाऱ्यांपैकीच एक होतो आणि चांगली शोभा करून घेतल्यानंतरच हे शहाणपण मला आले आहे.

२०१८ साली मी शास्त्री रस्त्यालगतच्या एका अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करत होतो. नवी पेठ आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका कशा असतात, हे तुम्हाला आता ठाऊक झालेच असेल: गुडघे आपटतील एवढे लाकडी कप्पे, समोर चिकटवलेले वेळापत्रक, आणि अभ्यासक्रमाबाहेरचे पुस्तक उघडले की आजूबाजूच्यांच्या नजरेत दिसणारी कीव. अशा वाचनाला तिथे ‘अवांतर’ म्हणत आणि हा शब्द ‘आजारी’ म्हणावे तशा सुरात उच्चारत. माझे घर कोथरूडला, घरात वडिलांची पुस्तकांची दोन कपाटे, त्यामुळे साडेचारच्या चहाला टपरीवर जमणारी मुले मला ‘साहित्यिक साहेब’ म्हणत. साहेब तिथे सगळेच होते, कारण पद मिळेपर्यंत एकमेकांना साहेब म्हणून घेण्यात काही खर्च होत नाही. पण साहित्यिक मी एकटा होतो आणि ते मला मनातून फार आवडत असे.

माझ्या शेजारच्या कप्प्यात माण तालुक्यातला एक मुलगा बसत असे. त्याचे आईवडील दिवाळीनंतर मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाडाचा फिरता तळ, घेऊन बाहेर पडत आणि पावसाच्या तोंडावर परतत. वाटेत ज्याच्या शेतात मेंढरे बसवायची, त्याच्याकडून खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेत. हा मात्र आजीजवळ राहून शिकला. एकदा टेस्ट सिरीजचा पेपर वाईट गेल्यावर तो म्हणाला, “साहेब, डोकं बधिर झालंय, एखादं अवांतर द्या.” मी क्षणाचाही विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या कपाटातली ‘बनगरवाडी’ आणून त्याच्या टेबलावर ठेवली. व्यंकटेश माडगूळकरांची ही १९५५ सालची छोटेखानी कादंबरी आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर शाळा चालवायला एक कोवळा मास्तर येतो आणि शेवटी दुष्काळात ती वाडीच ओस पडते. पुस्तक देताना मी वर असेही म्हणालो की, तुला हे वाचून घरी गेल्यासारखे वाटेल. हे वाक्य आजही आठवले की मला अंग चोरावेसे वाटते.

दोन रात्रींत त्याने ते संपवले. चहाला आला तेव्हा त्याने पुस्तकाला नावे ठेवली नाहीत. भाषा झकास आहे, मास्तर वाडीत येतो ती वाट डोळ्यांपुढे दिसते, असे त्याने आधी कबूल केले. मग म्हणाला, “पण पुस्तक मास्तराचं आहे. वाडी त्यानं बघितली, तशी आपण वाचायची. मला ती बघायला मास्तर कशाला लागतोय?” मी वाङ्मयाच्या इतिहासात या कादंबरीचे स्थान काय आहे, ते सांगू लागलो. त्याने माझे बोलणे पूर्ण होऊ दिले आणि विचारले, “तू कोथरूडचा. तुला कुणी कोथरूडची कादंबरी देतं का रे, ‘घे, घरी गेल्यासारखं वाटंल’ म्हणून?” मी काहीतरी उत्तर दिले. “मी मागितलं होतं डोकं हलकं करायला. तुला मी दिसलोच नाही, नुस्ती मेंढरं दिसली,” असे म्हणून त्याने चहाचे पैसे दिले. माझेही दिले, हे विशेष लागले.

मी पंधरा दिवस त्याच्याशी बोललो नाही. आपण एक उत्तम पुस्तक दिले आणि वर बोलणी खाल्ली, असेच मला वाटत होते. आणि खरे सांगायचे तर पुस्तक उत्तमच आहे, या मुद्द्यावर मी आजही एक पाऊल मागे घेणार नाही. पण ते त्याला देताना मी त्याच्याविषयी एकच गोष्ट विचारात घेतली होती आणि तीही त्याने न सांगितलेली. तो अभ्यासिकेत सर्वांत वेगाने गणिते सोडवत असे, त्याला जुन्या युद्धांच्या हकीकती तोंडपाठ होत्या, आणि रात्री साडेदहाला अभ्यासिकेतून निघताना तो जगाच्या नकाशासमोर पाच मिनिटे नुसता उभा राहत असे. हे सगळे मी रोज पाहत होतो. यांतले काहीही मला पुस्तक निवडताना आठवले नाही.

अबोला संपला तो नारायण पेठेतल्या पुणे मराठी ग्रंथालयात. १९११ साली स्थापन झालेले हे ग्रंथालय आमच्या अभ्यासिकेपासून पायी जाण्याच्या अंतरावर होते आणि मी तिथला सभासद होतो. एका संध्याकाळी तो आपणहून माझ्याबरोबर आला. पूर्वपरीक्षा महिन्यावर आली होती, म्हणून त्याने निवडीचा एकच निकष लावला: पुस्तक पातळ हवे. त्याच्या हाती विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ लागले. मी या वेळी तोंड बंद ठेवले. माझ्या सुचवण्याच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे यश हेच. १९३९ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या एका बोटीवर घडते. हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू त्या बोटीवर आहेत, आणि त्यांतली एक मुलगी व मुंबईला परतणारा एक मराठी तरुण यांची ती गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी चहा निवून साय धरेपर्यंत तो काही बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, “उतरायला बंदरच नाही, म्हणजे काय रे साहेब?”

त्यावर मी जे बोललो, त्यावरून आमचा वाद आजतागायत चालू आहे. मी म्हणालो, “बघ, शेवटी तुला बोटीतही वाडाच दिसला, म्हणजे ‘बनगरवाडी’ देण्यात माझे काही चुकले नव्हते.” त्याचे म्हणणे असे की ते त्याचे त्याला दिसले, मी दाखवले नाही, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मी त्या वेळी हे मान्य केले नव्हते. आता तुमचा प्रश्न वाचल्यावर, जळगावकडून आलेल्या मुलाच्या हातात ‘कोसला’ म्हणजे सांगवीच्या पांडुरंगाची गोष्ट ठेवणारे तुमचे मित्र मला स्पष्ट दिसले, आणि शेजारच्या कप्प्यातल्या त्या मुलाचे बहुधा बरोबर होते असे पहिल्यांदाच लिहितो आहे. नेमाड्यांची ही १९६३ सालची कादंबरी मोठीच आहे; पण खानदेशातून पुण्यात शिकायला आलेल्या प्रत्येकाला ती दाखल्यासारखी द्यायची, ही आमच्या शहराची खोड आहे. ज्याला ती मानवते तो पुढचे वर्षभर त्या पांडुरंगासारखा दर वाक्यात ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ घालत हिंडतो. ज्याला मानवत नाही, तो तुमच्यासारखा स्वतःवरच शंका घेतो.

तेव्हा कोणी पुस्तक सुचवू लागले तर त्याला विचारा की हे मलाच का. ‘सगळे वाचताहेत’ किंवा ‘तू तिकडचा म्हणून’ असे उत्तर आले तर नम्रपणे नकार द्या. तुम्हाला कोणाला सुचवायचे असेल तर आवडते पुस्तक कोणते, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही, कारण तिथे सगळेच शोभेचे नाव सांगतात; शेवटचे पुस्तक कोणत्या पानावर सोडले आणि का, हे विचारा. मग एकच पुस्तक द्या, पाच देऊ नका, आणि ‘वाचलेस का’ म्हणून महिनाभर पिच्छा पुरवू नका. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून भरणाऱ्या पुस्तक महोत्सवात मुले-मुली पुस्तकांच्या चळती घेऊन छायाचित्रे काढतात, त्यांना नाके मुरडणाऱ्यांतला मी नाही. मात्र छायाचित्रातली चळत म्हणजे सुचवणे नव्हे.

पुण्यातल्या तरुणांना हल्ली काय आवडते, हेही तुम्ही विचारले आहे. आधी मला काय आवडले ते सांगतो. सचिन कुंडलकरांचे ‘कोबाल्ट ब्लू’ मी उशिरा, गेल्या पावसाळ्यात वाचले. पुण्यातल्या एका घरातले भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात आणि दोघे आपापली बाजू वेगवेगळी सांगतात. ते २००६ साली आले होते, म्हणजे तुमच्या लेखी जुनेच. प्रणव सखदेवांच्या ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ला २०२१ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला आहे, माझ्या ओळखीतल्या विशी-पंचविशीतल्या मुलांमध्ये ते हातोहात फिरते. पाच नावे मात्र मी देणार नाही. मी तुम्हाला ओळखत नाही, आणि ओळख नसताना नावे देण्याचा परिणाम वर लिहिलाच आहे.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. त्याच अभ्यासिकेत जत भागातून आलेली एक मुलगी होती. तिला ‘बनगरवाडी’ इतकी आवडली की तिने त्यातले उतारे वहीत उतरवून घेतले होते, आणि कारण विचारल्यावर म्हणाली, “आमचं आहे म्हणून.” त्यामुळे माझा वरचा सिद्धान्त सर्वांना लागू पडतो असे नाही. दुसरे म्हणजे, तुम्हीही परीक्षेची तयारी करत असाल तर माझे फार ऐकू नका. मला पद मिळाले नाही, मी आज एका प्रकाशकाकडे मुद्रितशोधन करतो; माणचा तो मुलगा मात्र शासकीय सेवेत आहे. अवांतराने कोणाचे भले होत नाही, असे तो पूर्वी चारचौघांत म्हणत असे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी सविस्तर उत्तरे लिहिण्याची, करण्याचे ठरले, तेव्हा मी त्याला ती बातमी मुद्दाम पाठवली होती. उत्तरादाखल त्याने फक्त अंगठा पाठवला.

‘बनगरवाडी’ची ती प्रत अजून त्याच्याकडेच आहे. दोनदा मागितली, दोन्ही वेळा बदलीच्या सामानात बांधलेली आहे असे कळले. तुम्हाला वाचायची असेल तर ग्रंथालयातून घ्या.