निधीचा अर्ज लिहिण्याआधी हे वाच

गावाच्या वनोपजाच्या कामासाठी निधीचा अर्ज लिहायला घेतलास, छान. पण लॅपटॉप उघडण्याआधी ग्रामसभेत दोन-तीनदा बसून ये. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा कायदेशीर हक्क मिळाला, त्याआधी कित्येक वर्षं तिथे लोक एकमताने निर्णय घेत होते. पैसा नंतर आला. तुझ्या गावात ती बैठक होत नसेल, तर आधी तिच्यासाठीच थोडा निधी माग.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. मोहफूल मार्च-एप्रिलचं, बिडीसाठीचा तेंदूपत्ता मे महिन्याचा. आमचा पहिला हप्ता जूनमध्ये आला. तोवर बायांनी पहाटे उठून तोडलेल्या, सत्तर-सत्तर पानांच्या पुडक्यांत बांधलेल्या पानांची मजुरी थकली होती. काहींनी सावकाराकडून उचल घेतली. त्यांचे चेहरे अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. म्हणून खेळतं भांडवल हंगामाआधी हाती पडेल, असंच वेळापत्रक अर्जात घाल आणि त्यावर अडून बस.

एका वर्षाचा प्रकल्प घेऊ नकोस. मोहाखाली आग न लावता जाळी बांधून फुलं वेचायची सवय एका हंगामात लागत नाही. तीन वर्षं माग.

निधी देणारं परदेशी फाउंडेशन असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच येते, आणि ती दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाही. देशी निधीला संस्थेच्या आयकर सवलतीच्या नोंदण्या (१२ए, ८०जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या) बघतात.

हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखव. गोंडीतही.