पीसीवर ड्रिफ्टिंगसाठी (गाडी वळणावर मुद्दाम आडवी घसरवत नेण्यासाठी) लोक अजूनही जुना असेटो कोर्साच का खेळतात?

एका शब्दात सांगायचं तर मॉड्समुळे. असेटो कोर्सा हा कार रेसिंग गेम २०१४ चा, पण त्यात चाहत्यांनी बनवलेल्या गाड्या आणि ट्रॅक टाकता येतात, म्हणून ड्रिफ्टवाले त्याला सोडत नाहीत. त्याच कंपनीचा २०१९ चा ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ हा गेम दिसायला कितीतरी सरस, पण तो जीटी (स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या रेसिंग गाड्यांच्या) शर्यतींपुरता; तिथे गाडी आडवी घातली की नुसता वेळ जातो. फोर्झा होरायझन ५ (२०२१) ची गर्दी वेगळीच, त्यात ड्रिफ्ट हा अनेक उद्योगांपैकी एक. कंट्रोलरवर खेळणार असाल तर कारएक्स ड्रिफ्ट रेसिंग ऑनलाइन घ्या, हात लवकर बसतो. स्टीअरिंग व्हील असेल तर मात्र माझ्या मते असेटोच. पहिले काही दिवस गाडी भोवऱ्यासारखी गरगरेल, हे धरूनच चाला.