भाजल्यावर लगेच टूथपेस्ट लावावी की कोरफड?

दोन्ही नको. भाजलेला भाग वाहत्या नळाखाली २० मिनिटं धरा, घड्याळ बघून. साधं गार पाणी, बर्फ नाही. खरं तर इथेच उत्तर संपतं, पण टूथपेस्टचं नाव वाचलं आणि राहवलं नाही.

नरकचतुर्दशीची पहाट होती. बंबातलं कढत पाणी बादलीत काढलेलं, विसणाचं गार पाणी घालायचं बाकी. धाकट्या जावेचा पोरगा तेव्हा नुकता चालायला लागला होता. तेल लावलेल्या अंगाने न्हाणीत शिरला आणि बादलीच्या काठाला धरून उभा राहायला गेला. बादली कलंडली. दंडापासून मनगटापर्यंत भाजला, शिवाय एक गुडघा. मी आधी त्याच्या हातातलं कडं काढलं, कारण सूज चढली की ते कापावंच लागतं, आणि हात नळाखाली धरला. मागून सासूबाई ओरडत होत्या, “अगं पाणी नको, फोड येतील!” तेवढ्यात मोठ्या जाऊबाईंनी ट्यूब आणून गुडघ्यावर पेस्ट फासलीसुद्धा. मी हात सोडला नाही.

दवाखान्यात हाताचं ड्रेसिंग पटकन झालं. गुडघ्यावरची पेस्ट मात्र वाळून घट्ट बसली होती. सिस्टर सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने ती कडेकडेने सोडवत होत्या आणि पोरगं किंचाळत होतं. त्या किंचाळण्याचा मला आजही राग आहे.

फोड आले. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात ऐकवलं जातं, “हिने पाणी घातलं म्हणून फोड आले.” साफ चूक. भाजल्यामुळे कातडीचे थर सुटतात आणि त्यांच्यामध्ये अंगातलंच पाणी झिरपून साठतं. नळ उघडला नसता तरी ते आलेच असते. बादली दूर केली तरी कातडीत शिरलेली धग आत उतरत राहते, ती गार पाण्याने थांबते. लगेच जमलं नाही तर ३ तासांच्या आत घातलेल्या पाण्याचाही उपयोग होतो. हळद, शाई, तूप, पेस्ट यांनी फक्त जखम झाकली जाते, आणि किती खोल भाजलंय ते डॉक्टरांना दिसत नाही. फोड फोडू नका, चिकटलेला कपडा ओढू नका, वरून धुतलेलं सुती कापड सैल टाका.

कोरफडीचं म्हणाल तर, चटका बसून नुसतं लाल झालं असेल तर पाण्यानंतर खुशाल लावा. पण चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा जांघ भाजली, तळहातापेक्षा मोठं भाजलं, लहान मूल असलं, तर दवाखाना. गंभीर असेल तर १०८. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. फार खोल भाजलं की दुखणंच जातं. विजेने भाजलं असेल तर माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. आणि मूल बरंच भाजलं असेल तर तेवढ्याच भागावर पाणी घाला, बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, नाहीतर ते गारठतं.

आणि बादलीत गार पाणी आधी, कढत नंतर. सासूबाई म्हणतात, विसण नेहमी मागाहूनच घालतात. घालत असतील. घरात रांगतं मूल असेपर्यंत मी ते ऐकणार नाही.