ऑपेरात यूट्यूब चालतं, क्रोममध्ये शाळेचे व्हिडिओ अडतात. विंडोज नव्याने टाकावं लागेल का?

ताई, विंडोज नव्याने टाकायची अजिबात गरज नाही. आमच्या इंदुरात 'नया विंडोज डाल देते हैं भिया' हे वाक्य प्रत्येक दुखण्यावर ऐकू येतं, कारण दुकानदाराला ते सोपं पडतं. मी रामबागेतल्या ओळखीपाळखीच्या घरांतले कॉम्प्युटर बघतो. तुम्ही लिहिलेली लक्षणं अशी: गेल्या वर्षी दुकानातून यूट्यूब आणि गेमच्या काही साइट बंद करून घेतल्या, आता मुलगा ऑपेरात यूट्यूब बघतो, आणि क्रोममध्ये शाळेच्या पोर्टलवर धड्याच्या जागी राखाडी चौकट दिसते. या दोन्ही गोष्टींचं मूळ मला एकच वाटतं.

शाळेच्या पोर्टलवरचे धडे बहुतेक वेळा शाळेच्या सर्व्हरवर नसतात. व्हिडिओ यूट्यूबवर चढवलेला असतो, पोर्टलच्या पानात फक्त त्याची चौकट बसवलेली असते. यूट्यूबचा पत्ता बंद केला की ती चौकटही बंद. त्या राखाडी चौकटीत इंग्रजीत 'रिफ्यूज्ड टू कनेक्ट' असं काही लिहिलंय का, एकदा नीट बघा. तसं असेल तर दुकानदाराने होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये यूट्यूबसमोर १२७.०.०.१ लिहून ठेवलं असणार. हा आकडा म्हणजे कॉम्प्युटरचा स्वतःचाच पत्ता. ब्राउझर यूट्यूब शोधायला निघतो आणि आपल्याच दारावर थाप मारतो.

मग ऑपेरात कसं चालतं? ऑपेरामध्ये फुकटचं व्हीपीएन, म्हणजे ब्राउझरची ये-जा बाहेरच्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय, आधीपासूनच असतं. ते चालू केलं की साइटचा पत्ता तुमच्या कॉम्प्युटरवर शोधलाच जात नाही, बाहेरच्या सर्व्हरवर शोधला जातो. होस्ट्स फाइलला कुणी विचारतच नाही. मुलगा हुशार आहे, एवढंच म्हणेन.

अंदाजावर विसंबू नका, तपासून घ्या. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, कॉम्प्युटर त्यावर जोडा आणि क्रोममध्ये पोर्टल उघडा. व्हिडिओ लागला, तर अडथळा राउटरमध्ये किंवा इंटरनेट कंपनीकडे आहे. तरीही लागला नाही, तर तो कॉम्प्युटरमध्येच आहे. अडथळा कॉम्प्युटरमध्ये निघाला, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची हुकूम टाइप करायची काळी खिडकी) इंग्रजीत पिंग आणि पुढे यूट्यूबचा पूर्ण पत्ता, सुरुवातीच्या तीन डब्ल्यूंसकट, टाइप करा. उत्तरात १२७.०.०.१ दिसलं की होस्ट्स फाइलच. (एनएसलुकअपने तपासू नका. ती कमांड होस्ट्स फाइल वाचत नाही, थेट डीएनएस सर्व्हरला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारते, त्यामुळे सगळं ठीक असल्याचं सांगून गोंधळात टाकते.) पिंगला दुसराच आकडा आला तर क्रोममधली एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेली छोटी जास्तीची प्रोग्रॅम्स) एकेक करून बंद करून बघा. एक्स्टेन्शनने अडवलेल्या पानावर सहसा 'ब्लॉक्ड बाय क्लायंट' असा शेरा असतो. कॉम्प्युटरवर लावलेल्या धोरणाने अडवलं असेल तर 'ब्लॉक्ड बाय अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'.

होस्ट्स फाइल सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी या फोल्डरमध्ये असते. खरी मेख ती सेव्ह करण्यात आहे. आधी नोटपॅडवर उजवं क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडा, मग त्यातूनच फाइल उघडा. खाली 'ऑल फाइल्स' निवडल्याशिवाय ती दिसणार नाही, कारण तिच्या नावाला शेपूट नाही. ज्या ओळीत यूट्यूब असेल तिच्या आधी फक्त # हे चिन्ह टाका. ओळ पुसू नका. # लागलेली ओळ विंडोज सोडून देतं, आणि उद्या पुन्हा लागली तर # काढलं की झालं. सेव्ह करताना नावामागे .टीएक्सटी चिकटलं तर विंडोज त्या फाइलकडे बघणारही नाही. शेवटी कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि फ्लशडीएनएस टाइप करा, म्हणजे विंडोज लक्षात ठेवलेले जुने पत्ते विसरेल, आणि क्रोम पूर्ण बंद करून परत उघडा. सेव्हच होऊ देत नसेल तर अँटिव्हायरसने ती फाइल धरून ठेवली आहे का ते बघा.

आता तुमचा खरा प्रश्न: धडे चालावेत, पण मुलाने दिवसभर यूट्यूब बघू नये. होस्ट्स फाइलने हे होणार नाही. तिला साइटचं अख्खं नाव कळतं, धडा कुठला आणि क्रिकेट कुठलं हे कळत नाही. राउटरमधल्या डीएनएसचंही तेच. तिथे क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ टाकला तर घाणेरड्या साइट अडतात, त्यासाठी तो चांगला. पण यूट्यूबसाठी निरुपयोगी. आणि क्रोमच्या 'सिक्युअर डीएनएस'मध्ये कुणी दुसरी कंपनी निवडली की क्रोमपुरता राउटरचा डीएनएस बाजूलाच पडतो.

माझ्या मते यूट्यूब मोकळं सोडा आणि वेळेवर बंधन घाला. मुलाचं वेगळं खातं करा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नाही, साधं. ते मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टीत जोडा आणि रोजचे तास ठरवा. साइट गाळण्याची त्यांची सोय एज ब्राउझरपुरतीच आहे, पण वेळेची मर्यादा अख्ख्या कॉम्प्युटरला लागते, मग ब्राउझर कुठलाही असो. गेमच्या साइट होस्ट्स फाइलमध्ये राहू द्या, त्यांच्याशी शाळेचं काही देणंघेणं नाही. फक्त प्रत्येक साइटची तीन डब्ल्यूंसह एक आणि त्यांच्याशिवाय एक अशा दोन ओळी आहेत ना, ते बघा. एकच असेल तर दुसऱ्या पत्त्यावरून साइट उघडते.

ऑपेरा काढून टाका, पण साध्या खात्यातूनही तो पुन्हा टाकता येतो, त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागत नाही. तेव्हा तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. आणि सध्याच्या खात्याचा पासवर्ड आजच बदला; वर्षभरापूर्वी दुकानात सांगितलेला असेल, तर तो मुलालाही पाठ असणार.