दलाल सांगेल त्या भाड्यात एकच गाडी असणाऱ्याला परवडत नाही. भाडे ठरवावे कसे?

आपण विचारले आहे की, निपाणीत आपली स्वतःची एकच दहा टायरची गाडी आहे, हप्ते चालू आहेत, बेळगाव-पुणे मार्गावर दलाल सांगेल त्या भाड्यात महिनाअखेर हाती काही उरत नाही. तेव्हा भाडे ठरवावे कसे, दलाल पारखावा कसा आणि त्याला वगळून थेट कारखान्याचा माल मिळेल का. मी खानापूर तालुक्यातला. माझी गाडी केए-२२ (बेळगाव) पाटीची असून याच रस्त्यावर आणि याच बाजारात माझा व्यवहार चालतो, म्हणून सविस्तर लिहितो.

बहुतेक गाडीमालक किलोमीटरचा हिशेब नीट करतात, पण दिवसाचा हिशेब मांडत नाहीत, आणि एकच गाडी असणाऱ्याचे नुकसान नेमके तिथे होते. हप्ता, विमा, कर, परमिट, ड्रायव्हरचा पगार हा खर्च गाडी उभी असली तरी चालूच राहतो. समजा हे सगळे मिळून महिन्याला ७५,००० रुपये होतात आणि गाडी महिन्यातून २५ दिवस कामाला लागते, तर गाडीचा एक दिवस ३,००० रुपयांना पडला. बेळगाव ते पुणे साधारण ३४० किलोमीटर, जाऊन-येऊन ६८०. लिटरला चार किलोमीटर धरले तर १७० लिटर डिझेल, आणि ९० रुपये दराने त्याचे १५,३०० रुपये झाले. टोल, भत्ता, टायरची झीज आणि किरकोळ कामे यांचे ७,००० धरा. म्हणजे चार दिवसांची फेरी १२,००० अधिक २२,३००, एकूण ३४,३०० रुपयांना पडते. जाताना २२,००० आणि येताना १३,००० मिळाले, तर जेमतेम ७०० रुपये सुटतात. हे आकडे फक्त रीत दाखवण्यासाठी आहेत. त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

आता याच हिशेबाने परतीचा माल पाहा. पुण्यात गाडी खाली झाली आणि दलाल म्हणाला की आज भरायचे तर १०,००० मिळतील, दोन दिवस थांबलात तर १३,००० चा माल आहे. कानाला दुसरे भाडे गोड लागते, पण तीन हजार जास्त मिळवण्यासाठी सहा हजारांचे दोन दिवस खर्ची पडतात. आज निघणे केव्हाही बरे. मात्र निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतला दलाल गाडीची पाटी पाहूनच ओळखतो की या माणसाला गावाकडे जायचे आहे, आणि त्या ओढीची किंमत तो भाड्यातून कापून घेतो. म्हणून परतीच्या मालाची बोलणी जाताना, बेळगावातून निघण्यापूर्वीच सुरू करावीत आणि किमान दोन दलालांकडे चौकशी ठेवावी. परतीच्या भाड्याची खालची मर्यादा आपल्याला पाठ असली पाहिजे: भरून आल्याने वाढणारे डिझेल, भरण्या-उतरण्यात जाणारे दिवस आणि दलाली एवढे ज्यातून निघत नाही, त्या मालापेक्षा रिकामे येणे परवडते.

येथे आपल्या सीमाभागातल्या गाड्यांची एक खास अडचण आहे. नॅशनल परमिटवर, म्हणजे देशभर माल वाहण्याच्या परवान्यावर, दुसऱ्या एकाच राज्यातल्या दोन ठिकाणांमध्ये माल वाहता येत नाही. म्हणजे केए पाटीच्या गाडीने पुण्यात भरून कोल्हापुरात उतरवणे नियमात बसत नाही, जसे एमएच-०९ (कोल्हापूर) च्या गाडीने बेळगावात भरून हुबळीला उतरवणे बसत नाही. दलाल म्हणेल, "भर की, कोण बघतंय?" पण दंड आपल्याला बसतो, आणि अपघात झाला तर परमिटचा भंग पुढे करून विम्याचा दावा अडवला जाऊ शकतो. कोल्हापूर आपल्याला घरासारखे वाटत असले, तरी परमिटच्या दृष्टीने ते परराज्य आहे. त्यामुळे पुण्याकडून निपाणी, बेळगाव, हुबळी किंवा त्यापुढचाच माल पाहावा.

गोव्याचे भाडे सांगितले गेले तर ते दोन्ही बाजूंचे धरूनच बोलावे. बेळगावातून गोव्याला भाजीपाला आणि इतर माल रोज जातो, पण तिकडून परतीला माल मिळणे कठीण असते. शिवाय पावसाळ्यात चोर्ला घाटात अवजड वाहनांवर बंदी येऊ शकते आणि दुसऱ्या, लांबच्या रस्त्याने जावे लागते, म्हणून भाडे कोणत्या रस्त्याचे आहे हे आधीच ठरवून घ्यावे.

दराला हंगाम असतो. दिवाळीनंतर चिकोडी, अथणी, रायबाग भागातले कारखाने सुरू झाले की बऱ्याच गाड्या उसाला लागतात आणि बाकीच्या मालाला गाडी मिळेनाशी होते. सणांना ड्रायव्हर गावी जातात, मार्चअखेर कारखान्यांची माल पाठवण्याची घाई असते. या काळात भाडे वाढवून मागण्यात संकोच करू नये. जून ते सप्टेंबर मात्र माल कमी असतो. तेव्हा दरासाठी अडून बसण्यापेक्षा दिवस वाचवावेत. डिझेल कोगनोळीच्या सीमानाक्याच्या अलीकडे भरावे की पलीकडे, हे दोन्ही राज्यांतले त्या दिवसाचे दर पाहून ठरवावे.

दलालाविषयी माझे मत स्पष्ट आहे: त्याची पारख दरावरून करू नये, बाकी, म्हणजे अॅडव्हान्सनंतर उरलेले भाडे, देण्यावरून करावी. जास्त भाडे सांगून बाकी तीन महिने अडवणारा दलाल हा आपल्या हप्त्यावर स्वतःचा धंदा चालवत असतो. नव्या दलालाकडे भरण्यापूर्वी त्याच्याकडून खाली झालेल्या दोन-तीन गाड्यांच्या मालकांना विचारावे की बाकी किती दिवसांत मिळाली. ही चौकशी बेळगावच्या ऑटोनगरात चहाच्या टपरीवर उभे राहूनही होते, कारण बाकी बुडवणाऱ्याचे नाव गाडीवाल्यांमध्ये लपत नाही. बिल्टी, म्हणजे माल वाहतुकीला घेतल्याची पावती, कोणाच्या नावाची निघणार आहे हेही विचारावे. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार बिल्टी काढणाऱ्याकडे नोंदणी असावी लागते आणि माल पाठवणाऱ्याला तोच जबाबदार असतो. पुष्कळदा कारखाना, ट्रान्सपोर्टर, मोठा दलाल आणि छोटा दलाल अशी साखळी असते, आणि आपण बोलतो तो शेवटचा माणूस असतो. त्याच्या हातात पैसाच नसेल, तर त्याच्या शब्दाला किती महत्त्व द्यायचे हे आपण ठरवावे.

भाडे ठरले की गाडी मालाला लावण्यापूर्वी व्हॉट्सअॅपवर दलालाकडून लिहून घ्यावे. मराठीत असो, कानडीत असो वा हिंदीत, पण त्याच्या नंबरवरून आलेला मजकूर हाच पुढे पुरावा होतो. त्यात भाडे टनावर की फिक्स, टनावर असेल तर किमान किती टनाची खात्री, अॅडव्हान्स किती आणि गाडी सुटण्यापूर्वी की नंतर, पोच (माल मिळाल्याची सही केलेली पावती) कोणाकडे द्यायची आणि पोच दिल्यापासून किती दिवसांत बाकी, उतरवायला चोवीस तासांपेक्षा जास्त लागले तर रोजचे किती, वाराई-हमाली (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) कोणाकडे, आणि दलाली किती, एवढे आले पाहिजे. वाराईबद्दल आपल्याकडच्या लॉरीमालकांची "ज्याचा माल त्याचा हमाल" ही मागणी जुनी आहे आणि न्याय्य आहे. तरी लिहून घेतले नाही तर उतरवणाऱ्या गोदामात ते पैसे ड्रायव्हरच्या खिशातूनच जातात. थांबण्याचे पैसे लिहून मागताना दलाल कुरकुरतो. मग त्याला दिवसाचा हिशेब सांगावा, कारण तो आपण मघाशी काढलेलाच आहे.

बाकीतून पैसे कापले जाण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे तूट, म्हणजे माल कमी पोहोचल्याचा दावा. उद्यमबागेतून कास्टिंग भरले तर नग मोजून बिल्टीवर लिहून घ्यावेत, साखर असेल तर पोती मोजावीत, आणि दोन्ही टोकांच्या वजनकाट्यांच्या पावत्या जपाव्यात. पोचेवर काही शेरा मारला असेल तर त्याचा फोटो तिथेच, त्याच वेळी दलालाला पाठवावा. माझ्या एका मालात उतरवल्यानंतर काही आठवड्यांनी तूट दाखवली गेली होती, परंतु शेरा नसलेल्या पोचेचा फोटो असल्यामुळे दलालाला पूर्ण बाकी द्यावी लागली.

टीडीएसच्या नावाने एक टक्का कापला जात असेल, तर पॅन आणि आपल्याकडे दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत असे लेखी घोषणापत्र द्यावे. त्यानंतर कपात करता येत नाही. ई-वे बिलावर (मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदावर) गाडीचा नंबर बरोबर आहे का आणि मुदत किती आहे हे निघताना पाहावे. दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने पुण्याला दोन दिवस मिळतात, म्हणून दलालाच्या सांगण्यावरून भरलेली गाडी उगाच उभी ठेवू नये. टनावरचे भाडे पाहून जास्त भरण्याचा मोह होतो, पण आपल्यासारख्या दहा टायरच्या, म्हणजे तीन अॅक्सलच्या गाडीला गाडी आणि माल मिळून २८.५ टनांची मर्यादा आहे आणि ती ओलांडली की २०,००० रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,००० असा दंड आहे. एका दंडात कितीतरी फेऱ्यांची कमाई जाते.

थेट कारखान्याचा माल मिळतो का, या आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे की एका गाडीवर सहसा मिळत नाही, कारण कारखान्याला रोज गाडी हवी असते आणि आपली पुण्यात असते. निपाणी-संकेश्वर भागातले चार-पाच विश्वासू गाडीवाले एकत्र आले, तर उद्यमबाग, होनगा किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या मध्यम कारखान्यांशी बोलता येते. (कागल महाराष्ट्रात आहे, म्हणून तिथून महाराष्ट्राबाहेरचाच माल घ्यावा.) तसे करण्यापूर्वी प्रत्येकाने उद्यम नोंदणी करून घ्यावी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. दिलेले बिल, पोच आणि नोंदणीचा क्रमांक एकत्र ठेवला, तर कारखान्याच्या हिशेब विभागात बाकी मागताना विनवणी करावी लागत नाही.