बॅट घेताना कानही लाव

पहिली लेदरबॉलची बॅट घेतोयस ना? मग दुकानात स्टिकर बघत बसू नकोस. दांड्याचं वरचं टोक दोन बोटांत सैल धर, बॅट लोंबकळू दे आणि जुन्या बॉलने खालून वर ठोकत जा. अगदी खालच्या टोकाशी बोटांना झिणझिण्या येतील. साधारण 15 सेंटिमीटर वर आलास की त्या जवळजवळ थांबतात, आवाज भरीव होतो. कंप पावणाऱ्या लाकडाचा निस्पंद बिंदू, म्हणजे जिथे लाकूड जवळजवळ हलतच नाही ती जागा, तिथे असतो. तिथे बसलेल्या चेंडूची ऊर्जा बॅट थरथरवण्यात फारशी जात नाही. झिणझिण्या न येणारा हा पट्टा जितका लांब तितकी बॅट चांगली, माझं तरी हेच मत. पुढे कधी अचानक चिरका आवाज आला, तर आधी दांड्याचा सांधा तपास.